एलईडी बल्ब घेताना काय बघायचं आणि आपल्या खान्देशच्या उन्हात तो टिकवायचा कसा

दुकानात गेलं की आपण अजून पण "साठचा बल्ब द्या" असंच म्हणतो ना, पहिले ती सवय सोडा. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो ते, उजेड किती देतो ते नाही. उजेडाचा आकडा ल्युमेनमध्ये असतो आणि खोक्यावर छापलेला असतो, फक्त कोणी वाचत नाही. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा, तेवढा उजेड आता ८-९ वॅटचा एलईडी देतो. रोज ५ तास लावला तर जुना महिन्याला ९ युनिट खाणार आणि ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिट, घरात असे किती बल्ब आहेत ते मोजा आणि पुढचा हिशोब तुम्हीच करा.

जुन्या बल्बात टंगस्टनची तार तापते आणि मग उजेड पडतो, म्हणजे विजेतला ९० टक्क्यांच्या वर भाग नुसत्या उष्णतेत जातो. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे असताना डोक्यावर अजून एक शेगडी कोणाला पाहिजे भो! एलईडीत तार नसते, सेमीकंडक्टरची बारीक चिप असते, तिच्यातून निळा उजेड निघतो आणि वरच्या पिवळ्या फॉस्फरच्या थरामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. लाल-हिरव्या एलईडी कधीच्याच होत्या, अडलं होतं निळीपाशी, आणि ती जमवणाऱ्या आकासाकी, अमानो, नाकामुरा या तिघा जणांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

आता मुद्द्याचं. खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं आणि बल्ब वर्षभरात उडतो, असं का? चिप बहुतेक वेळा ठणठणीत असते, मरतो तो मागचा ड्रायव्हर, म्हणजे एसीचं डीसी करणारं छोटं सर्किट. त्याला दोन गोष्टी मारतात, उष्णता आणि व्होल्टेजचे झटके, आणि आपल्याकडे दोन्हींची कमी नाही. रात्री शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की एकदम चढतं. म्हणून घेताना व्होल्टेजची रेंज बघा, १०० ते ३०० सारखी रुंद असेल आणि सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे झटक्यापासून बचाव, लिहिलेलं असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण नसलेला, बाजारात ढिगाने विकतात तसला बल्ब घेऊ नका, स्वस्त पडतच नाही तो.

लावताना हवा खेळती पाहिजे. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये अगदी पत्र्याला चिकटून लावला तर उन्हाळ्यात लवकर जाणार. रावेर-यावलकडे केळीच्या बागेतल्या शेडमध्ये लावायचा असला तर वायर सोडून हातभर खाली लटकवा, पावसाची झड येत असेल तर बाहेरच्या वापराचं फिटिंगच घ्या.

रंगाचं सोपं आहे. २७००-३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे एकदम पांढरा. अभ्यासाला, स्वयंपाकघरात ४००० च्या आसपासचा मला बरा वाटतो, पण आपल्याकडे सगळ्यांना दूधपांढराच पाहिजे असतो. ओट्यावर मात्र पिवळसरच लावा, पावसाळ्यात किडे कमी येतात.

स्विच बंद करून पण बल्ब मंद मिणमिणतोय? भूत नाही, स्विचमधल्या इंडिकेटरमधून थोडा करंट झिरपतो नाहीतर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला असतो. दुसरं कारण असेल तर वायरमनला सांगून बदलूनच घ्या, कारण तेव्हा स्विच बंद असला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. आणि जुन्या डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर, साधा एलईडी लावू नका, खोक्यावर डिमेबल लिहिलेलं असेल तरच.

जुने बल्ब अगदीच टाकाऊ नाहीत हां. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला तोच लागतो, एलईडीने ऊब मिळत नाही. वायरमनच्या सिरीज लॅम्पला, म्हणजे वायरिंग तपासायच्या बल्बला, पण शंभरचा जुनाच पाहिजे, तिथे एलईडीचा उपयोग नाही. सीएफएल, म्हणजे ती वाकड्या नळीची, मात्र फुटली तर जपून, आत पारा असतो, खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर थांबा, मग कडक पुठ्ठ्याने काच गोळा करा, झाडू फिरवू नका.

ट्यूब बदलायची असेल तर जुनी ३६ वॅटची, वर चोक वेगळा वीज खातो, तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी बसते. चोक-स्टार्टर काढूनच टाका.

वॉरंटी असते बहुतेक बल्बांना, पण बिलाची शाई उन्हाळ्यात उडून जाते, म्हणून घेतल्या दिवशीच बिलाचा फोटो काढा आणि बल्बच्या मागच्या प्लास्टिकवर मार्करने तारीख टाका, मग उडाला की दुकानदाराशी वाद घालायची वेळ येत नाही.