छापील त्रैमासिक ऑनलाइन नेताना

वेबसाइटवाल्याला फोन करायच्या आधी डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर अंकाची पानं लावणाऱ्याकडे, जा. मी एका छोट्या संशोधन त्रैमासिकाचं संपादन करते, म्हणून सांगते: निम्मं काम तिथेच असतं. जुने अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपी नाहीतर आकृती फॉन्टमध्ये लावलेले असतात. त्यांची पीडीएफ दिसते झकास, पण त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर तो लेख मराठी शब्द टाकून कुणालाही सापडणार नाही.

म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणा. कन्व्हर्टर आहेत, तरी प्रूफं पुन्हा वाचावीच लागतात. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी असते आणि रफार नंतर; युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे ‘स्थिती’, ‘धर्म’, ‘निर्मिती’ असे शब्द डोळ्यांत तेल घालून बघा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र तर हमखास मोडतो. तळटीपांचे आकडेही मूळ अंकाशी ताडून पाहा. काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई नको. एकदा चुकीचा मजकूर बाहेर गेला की अभ्यासक तोच उद्धृत करत राहतात.

छापील पृष्ठांक मात्र जसेच्या तसे ठेवा. इतकी वर्षं लोकांनी त्याच पानांचे संदर्भ दिलेत.

जुन्या लेखांसाठी लेखकांची लेखी परवानगी मागा. अंकात छापायला दिलेला होकार इंटरनेटलाही लागू होतो, असं गृहीत धरू नका. लेखक हयात नसतील तर वारसांना पत्र लिहा. निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो.

ऑनलाइन आवृत्तीला वेगळा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, लागतो. तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनाशुल्क मिळतो. सॉफ्टवेअर म्हणून ओपन जर्नल सिस्टिम्स घ्या: मुक्तस्रोत आहे, आणि लेख येण्यापासून तज्ज्ञांच्या परीक्षणापर्यंत सगळं त्यात होतं. प्रत्येक लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखदुवा, क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडून हवा असेल तर दरवर्षीची वर्गणी अंदाजपत्रकात धरा. पुढे वेबसाइटचा पत्ता बदलला, तर नवा दुवा तिथे नोंदवायची जबाबदारी आपलीच असते.

डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या, उत्साही कार्यकर्त्याच्या नको. आणि पुढची काही वर्षं तरी प्रत्येक अंकाच्या चार प्रती छापून दोन वेगळ्या गावांतल्या ग्रंथालयांत ठेवा.