ब्लड कॅन्सरवरच्या एखाद्या संशोधकाचे पेपर वाचायचे कसे

कुणीतरी सांगतं की ल्युकेमियावर अमुक डॉक्टरांचं मोठं काम आहे, आपण नाव सर्चला टाकतो, शेकड्यांनी पेपर येतात आणि पाच मिनिटांत टॅब बंद होतो. सगळे वाचायचेच नसतात हो. एकच आजार, एकच औषध धरायचं आणि ते जुन्याकडून नव्याकडे वाचत यायचं, बास.

उदाहरणाला ब्रायन ड्रुकर घेऊ, सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरवर इमॅटिनिब हे औषध आणणाऱ्यांतलं मोठं नाव. पबमेड ही मेडिकल पेपर शोधायची फुकट साइट उघडा, तिथे आडनाव आधी आणि मग नावाची आद्याक्षरं टाकायची, सोबत आजाराचं नाव, नाहीतर त्याच आडनावाचे भलतेच लोक येतात. आता गंमत बघा, नुसतं इमॅटिनिब टाकलं तर सुरुवातीचं काम निसटू शकतं, कारण तेव्हा हे नावच नव्हतं. 1996 च्या नेचर मेडिसिनमधल्या पेपरात औषध सीजीपी 57148 आहे, 2001 मध्ये तेच एसटीआय 571 आहे, इमॅटिनिब नंतर आलं. त्यामुळे औषधाची जुनी कोड नावं आधी शोधा आणि तीही सर्चला टाका.

पेपर उघडला की पहिला प्रश्न, हे कुणावर केलंय? 1996 चा पेपर पेशी आणि उंदरांवरचा आहे, पेशंटवरचा नाही. त्यात बीसीआर-एबीएल (सीएमएल घडवणारा बिघडलेला जीन) असलेल्या पेशींच्या लॅबमध्ये वाढवलेल्या कॉलनी 92 ते 98 टक्के घटल्या हे वाचून कुणी म्हणेल 98 टक्के लोक बरे झाले, तर तसं अजिबात नाही! व्हॉट्सअॅपवर फिरणारे निम्मे चमत्कार असेच तयार होतात असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न, रिस्पॉन्स म्हणजे नेमका कुठला? इथे मात्र घाई करू नका, सगळी मेख इथेच आहे. हिमॅटोलॉजिक म्हणजे रक्ताचे काउंट जागेवर आले, सायटोजेनेटिक म्हणजे बोनमॅरोच्या पेशींत फिलाडेल्फिया क्रोमोसोम (हा बिघडलेला जीन ज्यावर असतो तो) कमी झाला किंवा दिसेनासा झाला, मॉलेक्युलर म्हणजे पीसीआर या बारीक जनुकीय टेस्टने बीसीआर-एबीएल मोजला. ड्रुकर यांच्या 2001 च्या न्यू इंग्लंड जर्नलमधल्या पेपरात इंटरफेरॉन हे आधीचं औषध फेल गेलेले, क्रॉनिक फेजचे म्हणजे आजाराच्या सुरुवातीच्या संथ टप्प्यातले पेशंट आहेत, त्यात 300 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेणाऱ्या 54 पैकी 53 जणांचे काउंट पूर्ण नॉर्मल झाले, पण फिलाडेल्फिया क्रोमोसोम पूर्ण दिसेनासा झाला तो फक्त 7 जणांत. पेशंट तेच, औषध तेच, आकडे किती लांब!

तिसरा, स्टेज. त्याच अंकात त्यांचा दुसरा पेपर आहे, ब्लास्ट क्रायसिस म्हणजे सीएमएलचा झपाट्याने वाढणारा शेवटचा टप्पा, आणि फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह एएलएल हा दुसरा ल्युकेमिया, या दोन्हींवरचा. त्यात लिम्फॉइड गटातल्या (एएलएल किंवा लिम्फॉइड प्रकारचा ब्लास्ट क्रायसिस असलेल्या) 20 पैकी 14 जणांना रिस्पॉन्स मिळाला, पण त्या गटात एक सोडून सगळ्यांचा आजार उलटला. म्हणून आपल्या पेशंटच्या रिपोर्टवर क्रॉनिक फेज लिहिलंय की ब्लास्ट, ते शेजारी ठेवूनच वाचा.

मग मोठी ट्रायल शोधायची. इथे ती आयरिस, इमॅटिनिबची इंटरफेरॉनवाल्या उपचाराशी तुलना करणारी, 1106 पेशंट, पेपर 2003 चा. त्यावर पहिलं नाव ड्रुकर यांचं नाहीच, ते यादीत शेवटी आहेत, आणि मेडिकल पेपरात शेवटची जागा बहुतेकदा सीनियर माणसाची असते, तेव्हा नाव पहिलं नाही म्हणून पेपर सोडू नका. ट्रायलचं नाव टाकून पुढचे फॉलोअपही काढा, 2006 मध्ये पाच वर्षांचा आला, 2017 मध्ये जवळपास अकरा वर्षांचा. त्यात इमॅटिनिब गटाचा दहा वर्षांचा सर्व्हायव्हल 83.3 टक्के दिलाय, मात्र इंटरफेरॉन गटातले बरेच जण मध्येच इमॅटिनिबवर गेले होते, त्यामुळे शेवटी दोन्ही गटांची सरळ तुलना करता येत नाही. अशा गोष्टी अॅबस्ट्रॅक्टमध्ये म्हणजे पेपरच्या वरच्या सारांशात एका ओळीत उरकतात, म्हणून मेथड्स आणि टेबल बघायचेच.

पूर्ण पेपरला पैसे मागितले तर पबमेड सेंट्रलवर फुकट कॉपी आहे का बघा. शेवटी कंपनीच्या पैशांचा खुलासा वाचा, पेपर मागे घेतल्याची किंवा दुरुस्तीची नोंद पबमेडवर वरच दिसते तीही बघा. आणि औषध, डोस यातलं काहीही पेपर वाचून स्वतःच बदलायचं नाही, पेपरचं नाव, फेज आणि कुठला रिस्पॉन्स एवढं कागदावर लिहून हिमॅटोलॉजिस्टना दाखवा आणि विचारा, आमच्या पेशंटला यातलं काय लागू पडतं?