जुन्या लॉगिंग ट्रकची विंच शिकताना

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने मोडीत काढलेले जीएमसीचे सहाचाकी ट्रक बरेच लाकूडतोडवाल्यांनी उचलले. पुढे 10,000 पौंड ओढीची विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र. असे ट्रक जपणाऱ्यांकडे शिकायला आलेला नवखा आधी गिअर आणि लिव्हरकडे धावतो. आधी बघायचा असतो तो वायर रोप, म्हणजे तारांचा पिळलेला दोर.

विंचची क्षमता सांगतात ती ड्रमवरच्या पहिल्या थराची. थर चढले की वेग वाढतो, ओढ घटते. 10 इंची ड्रमवर पाऊण इंची रोपचा पाचवा थर असेल, तर ओढ एक तृतीयांशाहून जास्त कमी भरते. म्हणून जड ओंडक्याला रोप भरपूर सोडून घ्या. मात्र ड्रमवर निदान 3 वेढे राहू द्या. भार वेढ्यांच्या घर्षणाने पेलला जातो, टोक धरणाऱ्या स्क्रूने नाही. रोप ढिला गुंडाळला तर पुढच्या ओढीला वरचा वेढा खालच्या दोघांत घुसून चेंगरतो, म्हणून गुंडाळताना थोडा ताण हवाच.

विंचच्या शाफ्टला शिअर पिन असते, भार जास्त झाला की आधी स्वतः तुटून बाकीचे भाग वाचवणारी. ती सारखी तुटते म्हणून कडक पोलादी बोल्ट ठोकणारे महाभाग भेटतील. मग पिनेऐवजी ड्रम फिरवणारा वर्म गिअर जातो, नाहीतर रोप, आणि रोप तुटला की माणसं जातात.

रोपचं टोक दुमडून फास करताना ते आवळणाऱ्या क्लिपा उलट्या लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. अर्धा इंची रोपला 3 क्लिपा, साडेअकरा इंच टोक मागे दुमडलेलं, दोन क्लिपांत 3 इंच अंतर. क्लिपची बैठक (रोप बसतो तो खाचेचा तुकडा) भार घेणाऱ्या बाजूला, यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट झालं की यू-बोल्ट नेमका भाराच्या बाजूला चावतो. पहिल्या ओढीनंतर रोप ताणून बारीक होतो, तेव्हा नट पुन्हा आवळा.

स्नॅच ब्लॉकमधून (बाजू उघडून रोप आत घालता येणारी कप्पी) रोप उलट फिरवला तर ब्लॉकच्या शॅकलवर, म्हणजे तो अडकवायच्या कडीवर, ओढीच्या दुप्पट भार येतो; काटकोनात वळवला तर सुमारे 1.4 पट. रोपच्या त्या वळणाच्या आत उभं राहायचं नाही. ब्लॉक सुटला तर रोप तिथूनच सपकन जातो.

चालत्या रोपला हात लावू नका, चामडी हातमोजे असले तरी. तुटलेल्या तारेचं टोक मोज्यासकट ड्रमकडे ओढून नेतं. थांबलेल्या रोपवर चिंधी फिरवा, अडकेल तिथे तारा मोजा. स्ट्रँडच्या (तारांचा एक पीळ; असे अनेक पीळ मिळून रोप होतो) एका पूर्ण फेऱ्यात 6 तारा तुटलेल्या, किंवा एकाच स्ट्रँडमध्ये 3, की रोप बाद. स्ट्रँडच्या फटीतून तांबूस भुकटी येत असेल, तर मोजत बसू नका, सरळ बदला.