गायागुमसाठी लिहायला बसण्यापूर्वी

पाश्चात्त्य स्वरलिपी येत असलेल्या रचनाकाराला कोरियन वाद्यांसाठी लिहिणे प्रथम सोपे वाटते, कारण सोलमधील आजचे वादक पाच रेघांची लिपी सहज वाचतात. खरी अडचण मात्र त्या रेघांवर उमटतच नाही. गायागुम या कोरियन तंतुवाद्याची तार उजव्या हाताने छेडली की घोडीच्या पलीकडे डावा हात तीच तार दाबतो, हलवतो किंवा सैल सोडतो, आणि या नोंगह्यॉनवरच स्वराचा सारा भाव अवलंबून असतो. सोलमध्ये शिकताना माझ्या शिक्षिका कोणताही खर्डा हाती घेतला की आधी डाव्या हाताला काय काम दिले आहे ते पाहत; उजव्या हाताची सजावट त्या नंतर वाचत.

ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला सांजो हा एकल वादनाचा कोरियन प्रकार लवकर जवळचा वाटतो, कारण तोही जिन्यांगजो या संथ तालापासून ह्विमोरी या वेगवान तालाकडे चढत जातो. तरीही नोंगह्यॉन म्हणजे आपली मींड, असे समीकरण मांडू नये. दक्षिण-पश्चिमेकडील जॉल्ला प्रांताच्या शैलीत खालचा स्वर जोरकस कंपित होतो, मधला जवळजवळ स्थिर राहतो आणि वरचा स्वर लागताक्षणी खाली मोडतो. प्रत्येक स्वराचे वागणे असे आधीच ठरलेले असल्यामुळे सर्वत्र सारखीच कंपनाची खूण टाकलेली रचना वादकाला निर्जीव वाटते.

पारंपरिक गायागुमला 12 रेशमी तारा असतात आणि प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी स्वतंत्र घोडी असते. तारा सहसा पंचस्वरी लावतात. म्हणून सुरावटीआधी तारा कशा लावायच्या ते ठरवावे. यासाठी ह्वांग ब्यॉन्गी (1936–2018) यांच्या रचना जरूर अभ्यासाव्यात. कायद्याचे पदवीधर असलेल्या या वादक-रचनाकाराने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सुप’ लिहिली, 1974 च्या ‘छिमह्यांगमू’मध्ये तारा वेगळ्या पद्धतीने लावल्या आणि 1975 च्या ‘मीगुंग’मध्ये तारांवर चेलोचा गज फिरवून सोबत स्त्रीकंठाचे हसणे-रडणेही वापरले. इतके धाडस वाद्याचा स्वभाव हाडीमाशी मुरल्यावरच पेलते, असे माझे मत आहे.

25 तारांचे नवे गायागुम सप्तस्वरी असते आणि त्यावर पाश्चात्त्य स्वरसंघात सहज बसतात, म्हणून नवशिके तिकडेच धावतात. मी मात्र आधी 12 तारांवरच लिहायला सांगेन.

सुषिर वाद्यांबाबत एवढेच, की पिरी या दुहेरी पातीच्या वाद्याचा पल्ला जेमतेम दीड सप्तकाचा आहे आणि तेगुम या आडव्या बासरीचा थरथरता नाद तिच्या भोकावर चिकटवलेल्या बोरूच्या पातळ पापुद्र्यातून येतो. दोन भागांमध्ये गायागुमचे सूर बदलायचे असतील, तर घोड्या सरकवून तारा पुन्हा जुळवायला लागणारा वेळ रचनेतच राखून ठेवावा. दुसरे वाद्य तेवढ्यात काय वाजवील, तेही लिहावे.