एक्सपीवर एक्सफॅट पेनड्राइव्ह कसा उघडायचा

फोंड्यातल्या माझ्या दुकानात विनाइल कापायचं मशीन अजून विंडोज एक्सपीवरच चालतं. त्याचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी निघालाच नाही. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की मंडळांची पोरं ६४ जीबीचे पेनड्राइव्ह घेऊन येतात. लावला की एक्सपी विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?’ इथे ‘नो’च दाबा, नाहीतर कुणाच्या तरी मखराचं अख्खं डिझाइन जाईल.

डेटा शाबूत असतो. पेनड्राइव्हचं पार्टिशन (साठवणीचा भाग) एक्सफॅटचं, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या एका नव्या पद्धतीचं असतं आणि एक्सपीला ते मुळात ओळखता येत नाही, एवढंच. एक्सपीवर सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टचा मोठा सुधारणा-संच) २ किंवा ३ असेल तर मायक्रोसॉफ्टचं केबी ९५५७०४ हे अपडेट टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. मग पेनड्राइव्ह सरळ उघडतो.

मोठ्या हार्डडिस्कचं प्रकरण वेगळं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ दिसलं, तर ३२ बिट एक्सपीत हे अपडेट कामाचं नाही, कारण जीपीटी ही डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत त्याला वाचताच येत नाही. तिथे मी वेळ घालवत नाही. ती डिस्क नव्या लॅपटॉपला लावतो आणि हवी तेवढीच फाइल फॅट३२च्या, म्हणजे एक्सपीला ओळखता येणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर घेतो. फॅट३२वर एक फाइल ४ जीबीच्या आतच बसते, पण कटिंगची फाइल तेवढी मोठी कधी नसतेच.