स्वप्नातलं कॉलेज की ऑनर्सची स्वस्त जागा: आमच्या वहीतला हिशेब

मार्च संपता संपता आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरी लेकीच्या कॉलेज प्रवेशाची दोन पत्रं आली. एक बॉस्टनच्या कॉलेजचं. त्याचा स्वेटशर्ट लेक अकरावीपासून अंगातून काढत नव्हती. दुसरं रटगर्स ह्या आमच्या राज्याच्या विद्यापीठातल्या ऑनर्स कॉलेजचं, म्हणजे निवडक हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या विभागाचं, वर्षाला १०,००० डॉलरची स्कॉलरशिप देणारं. तुमच्याकडेही अशी जोडी आली असेल तर आम्ही काय केलं ते सांगते, चुकांसकट.

आधी पत्रातला ‘मदत’ हा शब्द फोडा. बॉस्टनच्या पत्रात वर्षाचा खर्च ९१,००० आणि मदत ३०,५००. ह्यांना वाटलं, तिसरा हिस्सा माफ झाला. मी वही काढली आणि एकेक रक्कम उतरवून घेतली. ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, फक्त २२,०००. मुलीच्या नावचं सरकारी कर्ज ५,५००. उरलेले ३,००० तिने कॅम्पसवर काम करून मिळवायचे. उसने किंवा स्वतः कमवायचे पैसे म्हणजे मदत कसली? ते दोन्ही खोडले, राहिले ६९,०००. रटगर्सचे राहण्याजेवणासकट ३७,०००, त्यातून स्कॉलरशिप गेली की २७,०००. वर्षाचा फरक ४२,०००. आता चारने गुणा. फी दरवर्षी वाढते, स्कॉलरशिपचा आकडा बहुधा तोच राहतो, हेही धरा.

कर्जाचं गणितही आताच करा. मुलाच्या नावावर चार वर्षांत साधारण २७,०००च सरकारी कर्ज मिळतं. पालकांच्या नावावर मिळणाऱ्या पॅरेंट प्लस ह्या सरकारी कर्जाला १ जुलै २०२६ पासून मर्यादा आली आहे: नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. वरचे पैसे खाजगी बँकेकडून काढायचे. आमची पन्नाशी आली आहे. सत्तरीपर्यंत हप्ते भरायचे का, हा प्रश्न मी ह्यांना थेट विचारला. ते बराच वेळ चहाच ढवळत बसले.

आता ऑनर्सकडे. हे नाव कुठे खरं असतं, कुठे नुसती झूल. काही ठिकाणी वर्षाला एक सेमिनार आणि टी-शर्ट, संपलं. म्हणून फोन करून विचारा: विषयांची नोंदणी इतरांच्या आधी करता येते का? ऑनर्सचे वर्ग किती मुलांचे? प्रबंधासाठी प्राध्यापक कोण शोधून देतं? रटगर्समध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर वेगळं वसतिगृह आहे, ते बघून आलो. पण स्वागताच्या दिवशी गेलात तर फुगे दिसतील. आम्ही मुद्दाम मंगळवारी गेलो. लेक रटगर्सच्याच बुश कॅम्पसच्या बसमध्ये उभी राहून गेली आणि शेजारच्या मुलीशी वीस मिनिटं बोलत होती. माहितीपत्रकातून मिळालं नसतं ते तिथे मिळालं.

सगळ्यात महत्त्वाचं, स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो? इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला भले भले गडगडतात. एकदा घसरलं तर सुधारायला मुदत मिळते का, हे लेखी घ्या.

महागड्या कॉलेजला पत्र जरूर लिहा. रडगाणं नको, दुसरी ऑफर जोडा आणि मिळकतीत काही बदल झाला असेल तर त्याचे कागद. आम्हाला ४,००० वाढवून मिळाले. निर्णय बदलण्याइतके नाहीत, पण एका ईमेलचे तेवढे! हार्वर्ड, येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्ये मात्र गुणांवर स्कॉलरशिप मिळतच नाही, तिथे फक्त घरची परिस्थिती बघतात.

आमची मोठी चूक वेगळीच. कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, घरची माहिती भरली की मदत वजा जाता किती खर्च येईल त्याचा अंदाज देणारा. अर्ज करण्याआधी तो भरून लेकीला आकडा दाखवायला हवा होता. आम्ही “तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू” म्हणत राहिलो. एप्रिलमध्ये तिने वही बघितली आणि म्हणाली, “आई, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?” साताऱ्याहून आजी फोनवर म्हणत होत्या, घराजवळचं काय वाईट, त्या दिवशी ते तिला अजिबात ऐकायचं नव्हतं. दोन दिवस काही बोलू नका. आम्ही बोललो, आणि भांडण झालं.

रटगर्सला होकार तिनेच दिला, २९ एप्रिलला. १ मे ह्या होकाराच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका, शेवटच्या रात्री पोर्टल रडतं. दुसऱ्या कॉलेजला त्याच दिवशी नकार कळवा, कोणीतरी प्रतीक्षा यादीत ताटकळलेलं असतं. आणि ५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, पैसे काढणार असाल तर ज्या कॅलेंडर वर्षात बिल भरता त्याच वर्षात काढा. जानेवारीच्या सेमिस्टरचं बिल डिसेंबरमध्येच येऊन पडतं.