हिरवा दिवा बघून निर्धास्त राहू नका
समुद्राजवळ हॉस्पिटल, लॉज, वृद्धाश्रम काहीही चालवत असाल तर फायर अलार्मच्या पॅनलवरचा हिरवा दिवा फक्त लाईट आहे एवढंच सांगतो हे लक्षात ठेवा. आमच्याकडे मालवणात खाऱ्या हवेने हूटरच्या (अलार्मच्या भोंग्याच्या) तांब्याच्या वायरीवर हिरवट बुरा चढलेला, वरून डबा अगदी नवाकोरा आणि दाबलं तर आवाजच नाही. म्हणून महिन्यातून एकदा पॅनलचा मेन सप्लाय बंद करून नुसत्या बॅटरीवर हूटर वाजवून बघाच, दर वेळी वेगळ्या मजल्यावरचं बटण दाबा. १२ व्होल्टची बॅटरी चार्जर काढून तासाभराने १२.५ च्या खाली दाखवत असेल तर मृगाच्या आधीच बदलून टाका, नंतर लाईट कधी जाईल नेम नाही. आणि टेस्टच्या आधी सगळ्यांना सांगा, म्हातारी माणसं खूप घाबरतात हो.